ख्रिस्ती शिकवण "अमक्याकडून उचलली" म्हणता, मग पुरावा कुठाय?

सावली
खूप दिवस डोक्यात होतं म्हणून शेवटी धागा काढतेय. ख्रिस्ती धर्माचा विषय निघाला रे निघाला की कुणीतरी येऊन ठणकावून सांगतंच की यांचं स्वतःचं काही नाही, सगळं उचललेलं आहे. कुमारी माता इजिप्तच्या होरस देवाकडून, २५ डिसेंबर रोमन देव मिथ्रासकडून, पुनरुत्थान इजिप्तच्याच ओसायरिसकडून, डोंगरावरचं प्रवचन बुद्धाकडून, आणि येशूचं देवपण तर म्हणे रोमन बादशहा कॉन्स्टंटाइनने ३२५ साली निकियाच्या धर्मपरिषदेत मतदान घेऊन ठरवलं. मी विचारते की हे कुठल्या मजकुरात आहे आणि तो मजकूर कधीचा, तर एखादा व्हिडिओ तोंडावर फेकतात नाहीतर "तुम्ही ख्रिश्चन आहात का?" नाहीये हो, आणि असते तरी प्रश्न तोच राहिला असता.

होरसचंच बघा. अबायडोसला सेती पहिल्याच्या देवळात भिंतीवर चित्र कोरलंय, ख्रिस्तपूर्व तेराव्या शतकातलं. ओसायरिस आडवा पडलाय, आणि इसिस घारीच्या रूपात त्याच्या अंगावर उतरलीय, त्यातून होरसचा गर्भ राहतो. म्हणजे मेलेल्या नवऱ्यापासून झालेलं मूल. कथा विलक्षण आहे, पण तिच्यात कुमारी कुठून आली? ज्याने कुणी हे पहिल्यांदा लिहिलं त्याने ही भिंत बघितलेली नाही, आणि पुढे पाठवणाऱ्यांनी तर विचारलंही नाही.

कुठलाच धर्म कोऱ्या पाटीवर सुरू होत नाही, हे मला मान्यच आहे. घेतलं असेल तर घेतलं असेल. पण "घेतलं" असं ठाम म्हणायचं तर दाखवा ना, की ती कल्पना तिकडे खरंच तशीच होती, जिथे ती लिहिलेली सापडते तो मजकूर आधीचा आहे (कथेतला काळ नाही हं, मजकुराचा काळ), आणि ती इकडे पोचली कुठल्या वाटेने. आणि हाच नियम चर्चच्या स्वतःच्या दाव्यांनाही लावा, माझी अजिबात ना नाही.

तुमचे अनुभव, मतं येऊद्यात.

तर्कटराव
+१. धागा वाचनखुणेत साठवलाय.

भोवरा
सावली, मुद्दा पटला पण टोक गाठू नका. साम्य दिसतं हे आजच्या व्हिडिओवाल्यांनी शोधून काढलेलं नाही. दुसऱ्या शतकात, साधारण १५५ च्या आसपास, जस्टिन नावाचा ख्रिस्ती लेखक रोमन बादशहाला उद्देशून लिहितो की आमचा ख्रिस्त कुमारीपासून झाला, मेला, उठला, स्वर्गात गेला असं आम्ही म्हणतो तेव्हा तुम्ही ज्युपिटरच्या मुलांबद्दल जे मानता त्यापेक्षा काही वेगळं सांगत नाही. हे ख्रिस्ती माणसाचं स्वतःचं म्हणणं आहे! पुढे तोच सांगतो की मिथ्रासच्या विधींमध्येही भाकरी आणि पाण्याचा प्याला ठेवतात, आणि ते म्हणे सैतानांनी आमची केलेली नक्कल आहे. आता त्या काळच्या माणसालाच इतकं साम्य दिसत होतं की त्याचा खुलासा द्यायला सैतान आणावा लागला, तर आजच्या माणसाला संशय आला तर त्यात त्याचं काय चुकलं?

अक्षरवाट
भोवरा, जस्टिनची आठवण काढलीत हे बरं केलंत, नाहीतर असल्या चर्चेत मूळ मजकूर उघडून बघायची तसदी कुणी घेत नाही. फक्त त्याची अडचण लक्षात घ्या. तो बादशहाला सांगतोय की आम्हाला मारू नका, आम्ही काही जगावेगळं बोलत नाही. साम्य फुगवून सांगण्यात त्याचा फायदा होता. म्हणजे लोकांना साम्य दिसत होतं याला तो साक्षीदार आहे, उसनवारीला नाही.

आता मिथ्रास. इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. रोमन साम्राज्यात मिथ्रासची जी भुयारी मंदिरं सापडतात ती पहिल्या शतकाच्या अखेरीपासून पुढची. रोमन साहित्यात त्याचा उल्लेख येतो तोही त्याच सुमाराला, स्टेशियसच्या काव्यात. म्हणजे नव्या करारातली प्रेषित पौलाची पत्रं लिहून झाली होती (इसवीसन ५० च्या आसपासपासून), मार्कचं शुभवर्तमानही (येशूचं चरित्र) बहुतेक अभ्यासकांच्या मते ७० च्या आगेमागे लिहून झालं होतं. इराणचा मित्र देव फार जुना हे खरंय, पण तो आणि बैल मारणारा रोमन मिथ्रास हे एकच, सलग चालत आलेलं प्रकरण आहे असं अभ्यासक फ्रान्झ क्युमाँ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मांडलं आणि पुढे बरीच वर्षं सगळे तेच धरून चालले. १९७१ ला मँचेस्टरच्या मिथ्रास परिषदेत त्याच गृहीतकाची चिरफाड झाली. इंटरनेटवर फिरतं ते मात्र अजून क्युमाँच्याही आधीचं.

आणि मिथ्रास कुमारीपासून जन्मला असं एकही प्राचीन साधन सांगत नाही. तो खडकातून बाहेर येतो. कोरीव कामात तर चक्क तसाच दिसतो, कमरेपर्यंत खडकात, एका हातात सुरा, दुसऱ्यात मशाल.

रोममध्ये सांता प्रिस्का चर्चच्या खाली मिथ्रासचं मंदिर सापडलं. तिथल्या भिंतीवरची एक ओळ "तू रक्त सांडून आम्हाला तारलंस" अशी वाचली गेली आणि झालं, क्रूसाचं मूळ सापडलं म्हणून गवगवा. ती ओळ इतकी पुसट होती की "तारलंस" वाचलं तेच मुळात खात्रीचं नाही, आणि वाचन बरोबर धरलं तरी भिंत दुसऱ्या-तिसऱ्या शतकातली. आधी काय आणि नंतर काय एवढं तरी बघायला नको का?

तर्कटराव
खडकातून जन्म म्हणजे "कुमारी खडक" म्हणायचं का मग? :))

अक्षरवाट
तर्कटराव, हसू नका, खरंच असा युक्तिवाद करणारे आहेत!

मारवा
मिथ्रासचा वाढदिवस २५ डिसेंबर हेही राहिलंच की. कुठेच नोंद नाही. जी आहे ती अजिंक्य सूर्याची, रोममध्ये ३५४ साली तयार झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात. आणि गंमत बघा, येशूचा जन्म २५ डिसेंबर ही सगळ्यात जुनी नोंदही त्याच संग्रहात आहे, तो भाग ३३६ च्या सुमाराचा मानतात. एकाच बाडात दोन्ही! आता कोण कुणाकडून? ऑरेलियन बादशहाने २७४ ला सूर्याचं देऊळ बांधलं म्हणून सूर्य आधी असं एक मत. दुसरं मत असं की ख्रिस्ती लोक २५ मार्च ही क्रूसावरच्या मृत्यूची तारीख आधीपासून धरत होते (टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने दिलीय, २०० च्या आसपास), गर्भधारणाही त्याच दिवशी धरली आणि पुढे नऊ महिने मोजले. मला स्वतःला दुसरं जास्त पटतं पण तिथेही सलग साखळी हातात नाही, मधले दुवे तुटलेलेच आहेत.

मुख्य म्हणजे तारीख ही शिकवण नव्हेच. चारही शुभवर्तमानांत जन्मतारीख दिलेलीच नाही. तारीख बाहेरून आली म्हणून धर्म बाहेरून आला, हे कसं काय?

नर्मदेहर
सगळे रोम आणि इजिप्तमध्येच अडकलेत. भारताचं काय? येशू बारा ते तीस वर्षांपर्यंत कुठे होता यावर बायबल गप्प आहे. लडाखच्या हेमिस मठात त्याचं चरित्र आहे, ईसा नावाने. श्रीनगरला रोझाबलमध्ये कबर आहे. अहिंसा, क्षमा, शत्रूवर प्रेम, हे कुठून आलं हे सांगायला ढीगभर ग्रंथ कशाला हवेत? पण पाश्चात्त्यांनी लिहिलं तरच पुरावा, आपल्या मठातलं असेल तर दंतकथा, हा दुजाभाव मला सहन होत नाही.

मारवा
नर्मदेहर, दुजाभाव नको हे शंभर टक्के मान्य, म्हणूनच सांगते. हेमिसची गोष्ट आपल्या मठाने सांगितलेलीच नाही. ती निकोलस नोटोविच या रशियन माणसाने १८९४ ला पॅरिसमध्ये फ्रेंच पुस्तक काढून सांगितली. लडाखमध्ये पाय मोडला, मठात राहिलो, लामांनी ईसाचं चरित्र वाचून दाखवलं, दुभाष्याकरवी उतरवून घेतलं, असं त्याचं कथन. त्याच वर्षी मॅक्स म्युलरने शंका काढल्या. १८९५ ला आग्र्याच्या कॉलेजात शिकवणारे आर्चिबाल्ड डग्लस स्वतः हेमिसला गेले आणि मठाच्या प्रमुखांना ते पुस्तक समजावून सांगितलं. प्रमुख म्हणाले असा ग्रंथ आमच्याकडे नाही, असा पाय मोडलेला पाहुणाही आला नव्हता. म्हणजे मठाचा शब्द मानायचा तर तो नोटोविचच्या विरुद्ध जातो!

नर्मदेहर
आणि स्वामी अभेदानंद? ते १९२२ ला हेमिसला गेले होते, त्यांनाही दाखवलं होतं. रामकृष्णांचे साक्षात शिष्य खोटं बोलतील?

मारवा
खोटं बोलले असं मी म्हणतच नाहीये. पण त्यांच्या हातात तरी काय आलं? हस्तलिखिताचा फोटो नाही, मूळ तिबेटी पाठ नाही, काळ ठरवता येईल असं एक पान नाही. जे छापलं ते नोटोविचच्या मजकुराशी जुळणारं भाषांतर. एवढी मोठी गोष्ट आहे तर मूळ पान समोर नको का? आज कुणी आपल्याकडच्या एखाद्या संताबद्दल असं म्हणालं की यांचे सगळे विचार परदेशातले, पोथी मी पाहिली पण दाखवू शकत नाही, तर आपण किती क्षण ऐकून घेऊ?

कुतूहल
रोझाबलबद्दल माझे दोन शब्द. तिथल्या कबरीला युज आसफ या नावाने ओळखतात, अठराव्या शतकातल्या काश्मीरच्या फारसी इतिहासात तो परदेशातून आलेला राजपुत्र आणि पैगंबर म्हणून येतो. तो येशूच होय असं १८९९ च्या सुमाराला अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी मांडलं. आता युज आसफ हा राजपुत्र अरबी-फारसी साहित्यात आधीपासून आहे, आणि तो कोण आहे माहितेय? आपला गौतम बुद्ध! बोधिसत्त्वाची कथा मध्य आशियातून अरबीत गेली, राजवाड्यात वाढलेला राजपुत्र, म्हातारपण, आजार आणि मृत्यू बघून बाहेर पडतो, गुरू भेटतो. दहाव्या शतकात इब्न बाबुयाने दिलेल्या रूपात तर हा राजपुत्र शेवटी काश्मीरला जाऊन मरतो. म्हणजे कबरीवरचं नाव येशूपेक्षा बुद्धकथेकडे बोट दाखवतंय.

आणि धाग्याच्या दृष्टीने खरा माल इथून पुढे आहे. ही अरबी कथा जॉर्जियन भाषेत गेली, तिथे तिला ख्रिस्ती रूप मिळालं. जॉर्जियनमधून ग्रीकमध्ये, ग्रीकमधून १०४८ च्या सुमाराला लॅटिनमध्ये, आणि तिथून जवळपास सगळ्या युरोपीय भाषांत. संत बार्लाम आणि संत जोसाफट! २७ नोव्हेंबर हा त्यांचा स्मरणदिन रोमन संतांच्या यादीत होता. शेकडो वर्षं युरोप नकळत बुद्धाला संत म्हणून पुजत होता. १८५९-६० ला अभ्यासकांनी दोन्ही कथा शेजारी ठेवून हे सिद्ध केलं तेव्हा वाद फारसा उरलाच नाही, कारण प्रत्येक पायरीची हस्तलिखितं आहेत. नाव कसं बदलत गेलं, कुठला दृष्टान्त कुठे शिरला, बोट ठेवून दाखवता येतं.

उसनवारीचा पुरावा म्हणतात तो असा असतो. असा पुरावा असेल तर चर्चवालेही मान्य करतात, केलाच त्यांनी.

नर्मदेहर
हे मला माहीत नव्हतं, जबरदस्त आहे. पण मग माझंच म्हणणं सिद्ध झालं ना, की वाट होती? अशोकाच्या तेराव्या शिलालेखात सीरियाचा अंतियोक, इजिप्तचा टॉलेमी यांची नावं आहेत. स्ट्रॅबो लिहितो की इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बंदरातून वर्षाला १२० जहाजं भारताकडे जायची. अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती लेखक क्लेमेंट २०० च्या आसपास बुद्धाचं नाव घेतो. इतकी ये-जा असताना विचार तेवढे किनाऱ्यावर थांबले?

अक्षरवाट
हा तुमचा आत्तापर्यंतचा सगळ्यात चांगला प्रतिसाद, मनापासून. वाट होती, कुणी नाकारूच नये. पण जहाजात मिरी होती हे आपल्याला कळतं कारण तिचे दाणे तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिकेच्या उत्खननात सापडले. शिकवणीचे दाणे दाखवा ना. गॅलिलीतल्या येशूच्या तोंडी असं एखादं वाक्य, की जे ज्यू परंपरेत कुठेच बसत नाही पण पाली किंवा संस्कृत मजकुरात नेमकं तसंच आहे, आणि तो मजकूर आधीचा आहे. शत्रूवर प्रेम म्हणता तर "शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर" जुन्या करारातल्या लेवीयमध्ये आहेच, परक्यावरही प्रीती करा हे त्याच अध्यायात पुढे आहे. गरज पडत नाही एवढ्या लांब जायची.

आणि सारखा विचार दोन ठिकाणी आपापला उगवतो हेही खरंय. दुसऱ्याने आपल्याशी करू नये ते आपण दुसऱ्याशी करू नये, हे कन्फ्यूशियसच्या वचनांत आहे, महाभारताच्या अनुशासनपर्वात आहे, ज्यूंच्या तोबितच्या पुस्तकात आहे, येशूच्या थोडा आधी होऊन गेलेल्या हिल्लेल या ज्यू गुरूच्या नावावर आहे. कोण कुणाचं चोर ठरवणार?

शांतिदूत
मी ख्रिस्ती आहे, या संस्थळावर जुना वाचक, लिहितो कमी. सावलीताई, आभार, कारण "तुमचा धर्म म्हणजे चोरीचा माल" हे वाक्य ऐकून घ्यायची सवय झाली असली तरी लागतं हो. पण एक सांगू का, श्रद्धेला पुरावा लागत नाही. मी क्रूसापुढे गुडघे टेकतो ते मिथ्रासच्या मंदिराचं साल बघून नाही.

भोवरा
शांतिदूत, तुमच्या श्रद्धेला कुणी हात लावत नाहीये. पण चर्च नुसती श्रद्धा सांगत नाही, इतिहासही सांगतं. प्रेषितांचा मतांगीकार (श्रद्धेची ठरलेली कबुली) बारा प्रेषितांनी एकेक वाक्य घालून तयार केला असं शतकानुशतकं शिकवलं. ती कथा रुफिनस हा ख्रिस्ती लेखक ४०० च्या सुमाराला सांगतो. आज म्हणतात त्या शब्दांतला मजकूर त्याआधी कुठे दिसत नाही. कॉन्स्टंटाइनने पोपला सत्ता दिली असं सांगणारं दानपत्र घ्या, त्याच्या जोरावर पोपांनी राजसत्तेवर हक्क सांगितला, आणि १४४० ला लॉरेन्झो व्हाल्लाने त्यातल्या लॅटिनवरूनच दाखवून दिलं की हे चौथ्या शतकातलं असूच शकत नाही. सावलीने वर म्हटलंय की नियम दोन्हीकडे लावा. मग लावूया.

शांतिदूत
लावा की, मी कुठे नाही म्हणतोय. व्हाल्ला स्वतः चर्चमध्येच होता, नंतर पोपकडे नोकरीलाही होता. आणखी एक मीच देतो. योहानाच्या पहिल्या पत्रात पाचव्या अध्यायात "स्वर्गात साक्ष देणारे तिघे आहेत, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा, आणि हे तिघे एक आहेत" असा मजकूर जुन्या भाषांतरांत होता. त्रैक्याचा (तिघांत एक देव) एवढा स्पष्ट उल्लेख नव्या करारात दुसरीकडे नाही. इरॅस्मस या विद्वानाने १५१६ ला ग्रीक पाठ छापला तेव्हा वगळला, कारण त्याच्या ग्रीक हस्तलिखितांत तो नव्हता. गदारोळ झाला. मग तो असलेलं एक ग्रीक हस्तलिखित पुढे आलं, सोळाव्या शतकातलंच, आणि १५२२ च्या आवृत्तीत त्याने घातला. आजच्या बहुतेक भाषांतरांत तो मुख्य मजकुरात नाही. आमच्या बायबल अभ्यासात हे उघडपणे शिकवतात, माझी श्रद्धा काही मोडली नाही त्याने. (इरॅस्मसने "एक तरी हस्तलिखित दाखवा, घालतो" असं वचन दिलं होतं ही गोष्ट सगळीकडे सांगतात, पण त्याच्या स्वतःच्या लिखाणात तसं वचन सापडत नाही असं १९८० साली एका डच अभ्यासकाने दाखवलंय.)

सावली
शांतिदूत, शेवटचा कंस वाचून मी खुर्चीतच सरसावून बसले. चर्चच्या विरुद्ध सांगायची गोष्टसुद्धा तपासून घ्यायची, हेच तर मला हवं होतं.

पूर्वरंग
सगळं वाचलं. माझा मूलभूत आक्षेप आहे. तुम्ही पुरावा मागताय, पण पुरावा जाळला कुणी? सत्ता हातात आल्यावर चर्चने विरोधकांची पुस्तकं नष्ट केली, देवळं पाडली, आणि आता म्हणायचं पुरावा दाखवा. जेत्यांनी लिहिलेल्या इतिहासात पुरावा मिळणारच कसा? त्यामुळे "पुरावा नाही" हाच एका अर्थाने पुरावा आहे.

अक्षरवाट
पूर्वरंग, पहिला भाग बरोबर. पुस्तकं जाळली, पोर्फिरी या तत्त्वज्ञाचं ख्रिस्ती धर्माविरुद्धचं पुस्तक ४४८ ला बादशाही हुकुमानेच जाळायला लावलं. पण तुमचं शेवटचं वाक्य मी कधीच मान्य करणार नाही, कारण त्या न्यायाने कुणीही काहीही सिद्ध करू शकेल, जितकं कमी सापडेल तितकं जास्त सिद्ध!

आणि सगळं जळलेलं नाही. १९४५ ला इजिप्तमध्ये नाग हम्मादीला मातीच्या रांजणात तेरा बाडं सापडली, चर्चने पाखंड ठरवलेलं भरपूर साहित्य त्यात आहे. ते वाचल्यावर येशूबद्दल किती वेगवेगळे विचार चालू होते ते कळतं, पण होरसची नक्कल केल्याची कबुली त्यातही नाही.

दुसरं, विरोधक काय म्हणत होते हेही कळतं. सेल्सस नावाच्या ग्रीक पंडिताने १७८ च्या आसपास ख्रिस्ती धर्मावर सणसणीत पुस्तक लिहिलं. पुस्तक गेलं, पण सत्तरेक वर्षांनी ओरिजेन या ख्रिस्ती लेखकाने त्याला उत्तर देताना त्यातले उतारेच्या उतारे उतरवून घेतले, म्हणून ते आपल्याकडे आहे. आणि सेल्ससचा आरोप काय, तर हाच! एका गालावर मारलं तर दुसरा पुढे कर, ही शिकवण ख्रिस्ती लोकांनी प्लेटोकडून घेतली म्हणतो, आणि त्यासाठी सॉक्रेटिसचा तुरुंगातला क्रिटोबरोबरचा संवाद उतरवून देतो, की आपल्यावर अन्याय झाला तरी उलटून अन्याय करू नये. म्हणजे या धाग्याचा विषय अठराशे वर्षं जुना आहे. सेल्ससने निदान मूळ उतारा समोर ठेवला, तेवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. फक्त गॅलिलीतला सुतार प्लेटोपर्यंत पोचला कसा हे तोही दाखवत नाही.

आणि ख्रिस्ती बाजू काय करत होती? जस्टिन म्हणतो प्लेटोनेच मोशेकडून घेतलं! पुरावा दोघांकडेही नाही.

तर्कटराव
म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांकडून चोरलं, आणि पावती कुणाकडेच नाही.

मारवा
निकियाचं कुणी बोललंच नाही अजून. येशूचं देवपण ३२५ ला ठरलं म्हणणाऱ्यांना एकच पत्र दाखवा. प्लिनी, बिथिनियाचा रोमन गव्हर्नर, ख्रिस्ती नाही, उलट त्यांना शिक्षा देणारा. ११२ च्या आसपास ट्राजन बादशहाला लिहितो की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात. निकियाच्या दोनशे वर्षं आधी! त्याच्याही आधी पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र आहे, त्यातही ख्रिस्ताचं देवपण दिसतं. निकियाला भांडण होतं ते पुत्र हा पित्याच्या बरोबरीचा, अनादी आहे की निर्माण केलेला, यावर. निर्माण केलेला म्हणणारा एरियसही त्याला साधा माणूस म्हणत नव्हता. आणि बायबलची पुस्तकं तिथे निवडली हे तर अजिबातच नाही, परिषदेचे वीस नियम उपलब्ध आहेत, त्यात पुस्तकांची यादी नाही. खरी-खोटी पुस्तकं वेदीपाशी ठेवली आणि खोटी खाली पडली ही कथा नवव्या शतकातल्या एका ग्रीक संग्रहात येते, पुढे व्होल्टेअरने उचलली. नव्या करारातल्या नेमक्या सत्तावीस पुस्तकांची यादी प्रथम दिसते ती बिशप अथनेशियसच्या ३६७ च्या पत्रात.

पण म्हणून निकियाने काही बदललंच नाही असंही नको म्हणायला. ज्या तात्त्विक भाषेत ते बांधलं गेलं ती ग्रीक आहे, मच्छीमारांची नाही. ही मात्र खरी, कागदोपत्री दिसणारी उसनवारी आहे आणि तिच्याबद्दल मात्र कुणी व्हिडिओ काढत नाही.

भोवरा
मारवाताई, शेवटचा परिच्छेद लाख बोललात.

कुतूहल
मला वाटतं आपण लांबची मुळं शोधत बसलोय आणि जवळचं घर सुटतंय. १९४७ पासून मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुंफांमध्ये जुन्या ज्यू ग्रंथांच्या गुंडाळ्या मिळाल्या. त्यातला एक तुकडा, ४क्यू५२१ म्हणतात, येशूच्या आधीचा. त्यात मसीहाच्या (ज्यूंच्या येणाऱ्या तारणहाराच्या) काळाचं वर्णन आहे, आंधळ्यांना दृष्टी, मेलेल्यांना जीवन, दीनांना शुभवार्ता. आता लूकचा सातवा अध्याय उघडा. योहान बाप्तिस्ता निरोप पाठवतो की येणारा तो तूच का, आणि येशू उत्तर देतो की आंधळे पाहतात, मेलेले उठवले जातात, दीनांना शुभवार्ता सांगितली जाते. यातलं बरंचसं जुन्या करारातल्या यशयात आहे, पण यशयाच्या एकसष्टाव्या अध्यायात मेलेले उठवण्याचं नाही, आणि या दोन्हीकडे ते नेमकं दीनांच्या शुभवार्तेला लागून येतं. हे साम्य कुठल्याही होरस-मिथ्रासपेक्षा घट्ट आहे, भाषेचा मुलूख तोच, काळ जवळचा, अंतर चालत जाण्याचं. तरीही कुणी जबाबदार अभ्यासक "येशूने कुमरानमधून चोरलं" म्हणत नाही, दोघांच्या मागे एकच ज्यू परंपरा होती एवढंच म्हणतात.

शांतिदूत
आणि येशू स्वतः तेच म्हणतो ना. सगळ्यात मोठी आज्ञा कोणती असं विचारल्यावर त्याने नवीन काही सांगितलं नाही, जुन्या करारातल्या 'अनुवाद' आणि 'लेवीय' या पुस्तकांतली दोन वचनं सांगितली.

पूर्वरंग
ठीक आहे, माझं शेवटचं वाक्य बाजूला ठेवू. पण मग बाहेरून आलेलं असं काही तुम्ही मान्य करणार की नाही? पुनरुत्थान आणि शेवटचा न्याय पारशी धर्मातून ज्यूंकडे आणि तिथून ख्रिस्ती लोकांकडे, हे तर पाठ्यपुस्तकातही असतं.

अक्षरवाट
हा दावा मी गंभीरपणे घेतो, आणि इथे बघा कसं वेगळं आहे. वाट आहे, ख्रिस्तपूर्व ५३९ ला सायरसने बॅबिलोन घेतलं आणि पुढे दोनशे वर्षं ज्यू इराणी राज्यात होते. काळाची अडचण आहे, अवेस्ताची उपलब्ध हस्तलिखितं फार उशिराची आणि शेवटच्या पुनरुत्थानाचं सविस्तर वर्णन बुंदहिश्न या पारशी ग्रंथात, तो नवव्या शतकातला. एवढ्यावर थांबलो असतो तर दावा लंगडाच राहिला असता. पण थिओपाँपस नावाचा ग्रीक इतिहासकार, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला, मगी लोकांच्या (इराणी पुरोहितांच्या) मते माणसं पुन्हा जिवंत होतील आणि अमर होतील असं लिहून गेला. त्याचं पुस्तक गेलं, पण पुढच्या काळातल्या डायोजिनीस लाएर्शियस या ग्रीक लेखकाने ते वाक्य त्याच्या नावानिशी दिलंय. म्हणजे कल्पना इराणात तेव्हा होती याला बाहेरचा साक्षीदार मिळाला. जुन्या करारात मेलेले उठतील हे स्पष्ट येतं ते दानीएलच्या बाराव्या अध्यायात, ख्रिस्तपूर्व १६५ च्या सुमाराला. आधी, वाट, साक्षीदार, तिन्ही आहे. तरी मी "शक्यता बरीच" म्हणेन, कारण दानीएलच्या काळी लोक धर्मासाठी मारले जात होते आणि देव न्यायी असेल तर त्यांचं काय, हा प्रश्न त्यांना घरातूनच पडलेला होता.

नर्मदेहर
थिओपाँपसचं वाक्य कुठे वाचायला मिळेल? आणि बार्लामच्या जॉर्जियन रूपाचं भाषांतर आहे का कुठल्या भाषेत? माझं समाधान झालेलं नाही, पण आता मूळ वाचूनच बोलेन.

अक्षरवाट
डायोजिनीसच्या तत्त्वज्ञांच्या चरित्रांच्या प्रस्तावनेतच आहे, नववा परिच्छेद. इंग्रजी भाषांतर फुकट मिळतं.

कुतूहल
जॉर्जियनचं इंग्रजी भाषांतर आहे, बालावरियानी या नावाने शोधा. त्यात विहिरीत लोंबकळणाऱ्या माणसाचा दृष्टान्त बघा, वरून उंदीर मुळं कुरतडतायत आणि हा मधाचे थेंब चाटतोय. तो महाभारताच्या स्त्रीपर्वातही आहे, विदुर धृतराष्ट्राला सांगतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचा आणि इथे लिहा, वाट बघतो.